घोडा बघून येतो

गाडीला जोडलेली कॅरॅव्हॅन मागे घेताना नेव्हिल प्राऊजने कुलनूक गावातला नळ मोडला.

ऑस्ट्रेलियातल्या मॅलीच्या त्या लाल कोरड्या मुलखात पावसाची वाट बघता बघता माणसं म्हातारी होतात. म्हणून कॅरॅव्हॅन पार्कातल्या नळावर 'पाणी जपून वापरा' अशी पाटी होती. नेव्हिलने ती पाटीही मोडली. व्हॅनच्या मागच्या कोपऱ्याने नळाच्या खांबाला असा काही धक्का दिला की खांब आडवा झाला आणि पाण्याची धार थेट निलगिरीच्या फांदीपर्यंत गेली. फांदीवरचे गुलाबी काकाकुवे आधी किंचाळले, मग फुकटची अंघोळ आहे म्हटल्यावर पंख पसरून तिथेच बसले.

"थांब म्हणत होते ना मी!" मागून त्याची बायको ग्लेनिस ओरडली.

"तू हात हलवत होतीस!"

"थांब म्हणूनच हलवत होते!"

"ये म्हणतानाही तू तसाच हलवतेस!"

आजूबाजूच्या कॅरॅव्हॅनवाल्यांनी घडीच्या खुर्च्या वळवून घेतल्या होत्या. नवीन आलेला माणूस व्हॅन मागे घ्यायला लागला की हातातलं वाचन बाजूला ठेवून, बिअर घेऊन बघत बसायचं, ही सगळ्या पार्कांतली रीत. आणि नेव्हिलने आजवर एकाही पार्कात प्रेक्षकांना निराश केलेलं नव्हतं.

त्यात त्याचा दोष थोडा, नोकरीचा जास्त, असं त्याचं म्हणणं. जन्मभर त्याने मेलबर्नमध्ये ट्राम चालवली. ट्रामला चाक फिरवावं लागत नाही, वळण रूळच घेतात. आणि मागे जायची वेळ आली तर ट्राम मागे घ्यायची नसते. ड्रायव्हरच उठतो, डबा पार करून दुसऱ्या टोकाला जातो आणि मागच्यालाच पुढचं म्हणतो. निवृत्तीनंतर त्याने ही जुनी व्हॅन घेतली तेव्हा ग्लेनिस म्हणाली होती, "चाळीस वर्षं रुळांनी तुला नेलं. तू फक्त घंटा वाजवलीस." तेव्हा तो रागावला होता. आता ते खरं वाटायला लागलं होतं.

हातात पान्हा घेऊन एक धिप्पाड बाई आली. रेलीन तिचं नाव. पार्क तीच बघायची, आणि पुढे कळलं, गावातलं बाकीचं बरंचसं तीच बघायची. तिने वाकून कुठलीशी चावी फिरवली. धार खाली बसली. काकाकुवे नाराज होऊन उडाले.

"झालं," रेलीन म्हणाली. "बाळा, तुझं नाव काय?"

नेव्हिल एकोणसत्तर वर्षांचा होता. तरीही 'बाळा' ऐकून तो शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राहिला. आणि तोंडातून निघालं, "स्क्यूज. नेव्हिल स्क्यूज."

ग्लेनिसने मान वळवली. स्क्यूज हे तिचं माहेरचं नाव.

"स्क्यूज?" रेलीन विचारात पडली. "नाही बाई, आपल्याकडे स्क्यूज कधीच नव्हते. मग उद्याच्या मेळाव्याला नाही आलात तुम्ही?"

"नाही, नाही. सहज चाललो होतो. वाटेत लागलं."

रेलीन गेल्यावर ग्लेनिसने चहाचं आधण ठेवलं, दोन कप मांडले आणि शांतपणे म्हणाली, "लग्नात मी तुझं नाव घेतलं. एवढ्या वर्षांनी परतफेड केलीस. पण निदान आधी विचारायचं तरी."

"अगं, प्राऊज म्हणून गावात पाऊल टाकायचं आणि पहिल्याच मिनिटाला नळ मोडायचा? आजोबांना काय वाटेल?"

"आजोबा जाऊन किती वर्षं झाली?"

"म्हणून काय झालं!"

आजोबांसाठीच तर ही सगळी वरात निघाली होती. कुलनूकमध्ये दर पाच वर्षांनी 'परत या' मेळावा भरतो. गावातून उठून गेलेल्यांची मुलं, नातवंडं कुठून कुठून येतात, छातीवर घराण्याच्या नावाची चिठ्ठी लावतात आणि दोन दिवस एकमेकांच्या चेहऱ्याऐवजी एकमेकांच्या छात्या वाचत हिंडतात. नेव्हिलने वर्षभर आधीपासून बेत आखला होता. बॅलराटवरून हळूहळू, रोज थोडं थोडं, प्रत्येक बेकरीपाशी थांबत ते वर आले होते. इस्त्री केलेला निळा शर्ट व्हॅनच्या कपाटात टांगलेला होता. शनिवारी सकाळी तो शर्ट घालून सभागृहात शिरायचं, 'प्राऊज' म्हणायचं, आणि मग एखादा म्हातारा हळूच उठून उभा राहील, "क्लॅरीचा नातू?" असं म्हणेल, असं चित्र त्याने इतक्या वेळा रंगवलं होतं की त्या म्हाताऱ्याची टोपीसुद्धा त्याला पाठ होती.

कारण क्लॅरी प्राऊज म्हणजे त्यांच्या घराण्यातला एकच मोठा माणूस. बाकी सगळे ट्रामवाले. नेव्हिलचे वडील रेज दर रविवारी मटणाच्या भाजलेल्या तंगडीवर सुरी फिरवता फिरवता सांगायचे: "तुमचे आजोबा कुलनूकला घोडागाडी हाकायचे. गव्हाचं भरलं पोतं एकट्याने पाठीवर घेऊन थप्पीच्या टोकाला चढायचे. ते मेलबर्नला निघाले, तर अख्खा गाव स्टेशनात निरोपाला. गाडीसुद्धा उशिरा सुटली." मग ते पहिला तुकडा कापून आपल्या बहिणीच्या ताटात वाढायचे. स्वतःच्या ताटात शेवटचा. पबमध्ये मात्र उलट. पहिली फेरी, म्हणजे सगळ्यांना पाजायची पाळी, नेहमी रेजची. कोणी खिशाकडे हात नेण्याआधी त्यांची नोट बारवर पडलेली असायची. यावरून आईशी आयुष्यभर भांडण. वडील गेले तेव्हा नेव्हिलने चर्चमध्ये भाषण केलं, त्यातही हीच निरोपाची गोष्ट सांगितली. शे-दोनशे ट्रामवाले डोळे पुसत होते. गाडीच्या उशिराबद्दल तर त्याने वडिलांपेक्षाही थोडं वाढवूनच सांगितलं होतं.

दुपारनंतर ऊन उतरलं तशी दोघं सभागृहाकडे गेली. आत बायका चहासोबतचे स्कोन पाव भाजत होत्या. दाराशी टेबलावर रेलीनच बसली होती.

"आलात! ये बाळा, पाहुणा म्हणून चिठ्ठी देते." तिने मोठ्या अक्षरात 'स्क्यूज' लिहून त्याच्या छातीवर थापटून लावली. ग्लेनिसने तशीच दुसरी हसत हसत लावून घेतली. तिचं काय, तिचं खरंच होतं.

नेव्हिलने टेबलावरच्या चिठ्ठ्यांवरून नजर फिरवली. फिट्झनर, मकआल्पिन, शुल्त्झे, पेंगिली. आपलं नाव नव्हतं. घसा खाकरून तो सहज विचारल्यासारखं बोलला, "इथे म्हणे कोणी प्राऊज होते..."

रेलीनच्या हातातली लेखणी थांबली. मग ती अशी हसली की टेबल हललं.

"प्राऊज! अरे, बाहेरच्या माणसांपर्यंत पोचला का तो? मुलींनो, ऐकलंत का? हा प्राऊजबद्दल विचारतोय!"

स्कोनवाल्या बायकाही हसायला लागल्या. एकीने ओट्यापाशी हात पुसत म्हटलं, "घोडा बघून येतो!" आणि पुन्हा सगळ्या हसल्या.

मग रेलीनने गोष्ट सांगितली. ती तिने इतक्यांदा सांगितलेली असावी की कुठे थांबायचं हेसुद्धा ठरलेलं होतं. तेव्हा कायद्याने पब संध्याकाळी सहाला बंद व्हायचे. काम सुटलं की सहाच्या आत जेवढी पोटात जाईल तेवढी ढोसायची. सहा गडी बारला टेकलेले. एकाने सगळ्यांना पाजायची, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. ज्याची फेरी त्याने टाळायची नाही. माणसाने बायको सोडली तरी चालेल, फेरी सोडायची नाही. पाच जणांनी पाजून झाली. सहावा क्लॅरी प्राऊज. सहाचा ठोका पडायला आलेला. सगळे रिकामे पेले पुढे सरकवून त्याच्याकडे बघतायत. हा ओठ पुसतो आणि म्हणतो, "जरा घोडा बघून येतो."

"आणि?" ग्लेनिसने विचारलं. नेव्हिलला विचारवेना.

"आणि काय! गेला तो गेला. दुसऱ्या दिवशी कळलं, गव्हाच्या मालगाडीत पोत्यांवर चढून बसला होता. घोडा बिचारा पबसमोर बांधलेला तसाच. त्या दिवसापासून कुलनूकमध्ये फेरी चुकवून कोणी उठला, साधा मुतायला जरी उठला, तरी अख्खा पब ओरडतो, घोडा बघायला निघाला!"

म्हणजे गाडी उशिरा सुटली नव्हती. अख्खा गाव स्टेशनात नव्हता. निरोपाला घोडासुद्धा नव्हता. तो पबसमोर बांधलेला होता.

नेव्हिलचा हात नकळत छातीवरच्या 'स्क्यूज'वर गेला. चिठ्ठी नीट चिकटली आहे ना, हे त्याने अंगठ्याने दाबून पाहिलं.

"बरं झालं आठवण केलीस," रेलीन पुढे झुकली. "उद्याच्या मिरवणुकीत आम्ही हा प्रसंग दर वेळी करतो. पाच जण बारला टेकलेले गडी, दोन जण चादरीखाली घोडा. डॅरिल दर वेळी प्राऊज व्हायचा, पण परवा ट्रॅक्टरवरून उतरताना त्याने घोटा मोडून घेतला. आणि गावातला एकही बाप्या तयार होईना. फेरी चुकवणाऱ्याचं सोंग कोण घेणार? पुढची पाच वर्षं लोक चिडवतात. तू बाहेरचा आहेस. तुझं काय जातंय?"

नेव्हिलने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिस तोंडात स्कोन घालून छताकडे बघत होती.

"काय करायचं असतं?" त्याने विचारलं.

"पबच्या दारात उभं राहायचं, 'घोडा बघून येतो' म्हणायचं आणि पळायचं. लोक शिळे पाव मारतात. लागत नाही फारसं." आणि मग तिने पत्ता टाकला, "नळाचं आपण विसरून जाऊ."

अशा रीतीने नेव्हिल प्राऊजने आपल्या सख्ख्या आजोबाचं सोंग एका मोडक्या नळाच्या बदल्यात कबूल केलं.

सकाळी व्हॅनच्या पायरीवर बसून दोघं चहा पीत होती. नेव्हिलच्या अंगात डॅरिलची जाडीभरडी पॅन्ट होती, वर खांद्यांवरून पट्टे, डोक्यावर उंदरांनी कडा कुरतडलेली टोपी. निळा शर्ट कपाटात टांगलेलाच राहिला.

"कसा दिसतो?"

"पळपुटा," ग्लेनिस म्हणाली. "शोभतंय."

"थट्टा नको. मी चर्चमध्ये काय काय बोललो होतो आठवतंय ना? दोनशे माणसं रडली."

"गाडी उशिरा सुटली हे ऐकून कोण रडतं रे? ते बाबांसाठी रडत होते. प्रत्येकाला त्यांनी कधी ना कधी पाजली होती म्हणून."

नेव्हिलचा कप हातात तसाच राहिला. मेलबर्नच्या पबमधला तो बार त्याला दिसला. वडील दार ढकलून आत येतायत, कोट काढायच्याही आधी नोट बारवर. त्या घाईला तो जन्मभर उदारपणा समजत आला होता. उदारपणाला एवढी घाई असते का? पाठीमागे कोणी लागल्यासारखी?

"बाबांना माहीत होतं," तो म्हणाला.

"असेल."

"मग ती स्टेशनाची गोष्ट?"

"मग बापाबद्दल मुलांना काय सांगणार? मटण कापताना?" ग्लेनिसने त्याच्या टोपीची कड सरळ केली. "हे बघ नेव्ह, पळायचं तर पळ. नळाचं देणं फिटतंय. पण तुझे आजोबा निदान स्वतःच्या नावाने पळाले. तू माझ्या बापाच्या नावाने पळणार आहेस, आणि माझा बाप कधी कुठून पळाला नव्हता."

हे लागलं. पुढे लागलेल्या शिळ्या पावांपेक्षा जास्त लागलं.

मिरवणूक मुख्य रस्त्याने आली. कुलनूकला रस्ता एकच असल्यामुळे तोच मुख्य. पुढे आगीचा बंब, मग जुने ट्रॅक्टर, मग शाळेची मुलं, मग फुटबॉल क्लबचे जाडजूड झालेले जुने विजेते. दोन्ही बाजूंना खुर्च्या टाकून माणसं बसलेली, छातीवर चिठ्ठ्या. सगळ्यात शेवटी चादरीचा घोडा. तो दिसताच लोक उभे राहिले. नेव्हिलच्या मनातल्या चित्रात लोक उभे राहायचे ते त्याच्यासाठी. इथे ते घोड्यासाठी राहत होते. खरा घोडा म्हणजे घोडी, नाव डचेस. क्लॅरी गेल्यावर पबवाल्याने तिला ठेवून घेतली आणि म्हातारी होऊन मरेपर्यंत ती गावभर पिंपं ओढत होती. पबच्या भिंतीवर तिचा चौकटीतला फोटो आहे. आजोबाचा नाही.

पबच्या दारात पाच गडी रिकामे पेले पुढे करून उभे राहिले. पहिल्या रांगेत गावातला सगळ्यात म्हातारा माणूस, अ‍ॅल्बी फिट्झनर, मांडीवर शाल घेऊन बसला होता. अठ्ठ्याऐंशीचा. त्याचा बाप त्या खऱ्या सहा जणांतला. अ‍ॅल्बीच्या हातात पाव तयार होता.

नेव्हिलने ओठ पुसले. तोंडाला कोरड पडली होती म्हणून ते छान जमलं.

"जरा घोडा बघून येतो!"

गर्दीने आरोळी ठोकली. पाव सुटले. एक कानाला लागला, एक टोपीवर. रेलीनने पुढचा रस्ता मोकळा केला. चादरीतला घोडा मागच्या पायांनी नाचला.

आणि नेव्हिल जागचा हलला नाही.

थोरपणा वगैरे काही नव्हता. पाय म्हणाले, नाही. आयुष्यभर रुळांवर चाललेली पावलं ती, त्यांना बाजूला पळणं माहीतच नव्हतं.

"पळ ना रे!" रेलीन दातांतून बोलली. "बाळा, पळ!"

"मी स्क्यूज नाही," नेव्हिल म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की फक्त घोड्याने ऐकला. घोड्याच्या पुढच्या भागाने चादरीतून डोकं काढलं. मग नेव्हिलने ट्रामचा आवाज काढला, गर्दीच्या वेळी 'आत सरका' म्हणायचा तो. "मी प्राऊज आहे! नेव्हिल प्राऊज! क्लॅरीचा नातू! ही फेरी माझी!"

कोणाच्या तरी हातातला पाव खाली पडला. तो उचलायला एक कुत्रं आलं, त्याच्या पावलांचा आवाजसुद्धा ऐकू आला.

मग अ‍ॅल्बी फिट्झनर हसायला लागला. आधी खांदे हलले, मग शाल घसरली, मग दातांची कवळी सावरायला हात तोंडाकडे गेला. "आला," तो म्हणाला. "आला की रे प्राऊज! लई वेळ लागला घोडा बघायला!"

त्यानंतर जे झालं त्याला मिरवणूक म्हणता येणार नाही. सगळा गाव पबमध्ये शिरला. चादरीचा घोडाही शिरला. नेव्हिलला खांद्यांवरून नाही तरी काखांत धरून बारपाशी आणलं. पाच गड्यांनी रिकामे पेले रांगेत मांडले. सहावा अ‍ॅल्बीचा. नेव्हिल बारवर टेकला, ऐटीत खिशात हात घातला.

खिसा शिवून बंद केलेला होता.

दुसरा खिसा. तोही शिवलेला. डॅरिलने पळताना काही पडू नये म्हणून शिवून घेतले होते. पाकीट व्हॅनमध्ये, त्याच्या स्वतःच्या पॅन्टमध्ये, निळ्या शर्टाच्या खाली.

त्याने ग्लेनिसकडे पाहिलं. ग्लेनिसने रिकामे हात वर करून दाखवले.

नेव्हिलला समजत होतं की आता तोंडातून काय निघणार आहे. ते थांबवायचा त्याने प्रयत्नही केला. पण दुसरं काही वाक्य सापडेना.

"एक मिनिट," तो म्हणाला. "पाकीट व्हॅनमध्ये राहिलंय. आत्ता घेऊन येतो."

हशाने पबचं पत्र्याचं छप्पर वाजलं. लोक एकमेकांच्या खांद्यावर पडून हसत होते. रेलीन जमिनीवर बसली. घोड्याचे पुढचे आणि मागचे पाय वेगवेगळ्या दिशांना गेले. "रक्त आहे रक्त!" कोणीतरी ओरडलं. "तीन पिढ्या झाल्या, खिसा तोच!"

नेव्हिल धावतच गेला. वाटेत दोन मुलांनी त्याला पावही मारले; त्यांना वाटलं, सोंग आत्ता सुरू झालं.

तो धापा टाकत पाकीट नाचवत परत आला तेव्हा सहा पेले भरलेले होते. पैसे अ‍ॅल्बीने दिले होते. नेव्हिलने नोट पुढे केली, तर बारवाल्या पोरीने हात मागे घेतले. "प्राऊजकडून घ्यायचे नाहीत, असं अ‍ॅल्बीबाबांनी सांगितलंय."

"बस इथे पोरा," अ‍ॅल्बीने बाजूचं स्टूल थोपटलं. "गर्दीला गोष्ट आवडते तेवढी त्यांना असू दे. माझ्या बापाने मला सांगितली ती वेगळी. तुझ्या आजोबाची पाठ त्या आठवड्यात गेली होती. थप्पीवरून पोत्यासकट खाली आला. मुकादमाने त्याच दिवशी घरी पाठवला, पगार न देता. पबमध्ये तो प्यायला आलाच नव्हता. घोड्याला पाणी मागायला आला होता."

नेव्हिलचा पेला अर्ध्या वाटेत थांबला.

"तर ह्या पाच गाढवांनी ओढला त्याला बारपाशी. 'ये क्लॅरी, घे!' हातात पेला दिला. मग दुसरा. आता सांग, खिशात एक पेनी नाही, हे पाच जणांसमोर कसं म्हणायचं? पहिल्या पेल्यालाच म्हणायला हवं होतं. नाही जमलं. मग प्रत्येक पेल्याला आणखी अवघड."

"मलाही नाही जमलं," नेव्हिल म्हणाला. "नळापाशी."

"माझ्या बापाला हे दुसऱ्या दिवशी मुकादमाकडून कळलं. त्याच्या जिवाला लागलं. मग पाचही जणांनी ठरवलं, क्लॅरी आला की त्याला खिशात हात घालूच द्यायचा नाही. शनिवारी थांबले, पुढच्या शनिवारी थांबले. आलाच नाही. मग हे चेष्टा करायला लागले. बाप म्हणायचा, चेष्टा कानावर गेली तर निदान मारायला तरी येईल."

समोर भिंतीवर डचेसचा फोटो होता. पाणीदार डोळे, मानेवर पट्टा. नेव्हिल त्या फोटोकडे बघत राहिला. त्याच्या डोक्यात गोष्टी ट्रामसारख्या येतात, थांबत थांबत, पण येतात.

"अ‍ॅल्बी," तो म्हणाला, "घोडी किती वर्षं होती इथे?"

"मी शाळेत जाईपर्यंत."

"आणि घोडी कोणाची?"

"क्लॅरीचीच. गाडीही त्याची."

"म्हणजे सहा पेल्यांसाठी तो एक घोडी आणि एक गाडी ठेवून गेला?"

अ‍ॅल्बीने पेला खाली ठेवला. मिशीला फेस तसाच. त्याने फोटोकडे पाहिलं, मग नेव्हिलकडे, मग पुन्हा फोटोकडे.

"हात् तिच्या," तो हळू आवाजात म्हणाला. "एवढ्या वर्षांत हे कोणाच्याच डोक्यात आलं नाही." मग डोळे मिचकावून त्याने बोट ओठांवर ठेवलं. "बोलू नकोस कुठे. गाव लहान आहे. घोडीचं भाडं द्यायची ऐपत नाही आमची."

नेव्हिल हसला. त्या प्रवासात पहिल्यांदाच तो स्वतःवर सोडून दुसऱ्या कशावर तरी हसला.

"ठीक," अ‍ॅल्बीने रिकामा पेला बारवर सरकवला. "आजोबाचं फिटलं. पण ही आत्ताची मी पाजली. आता फेरी तुझी."

"हो तर!" नेव्हिलने पाकीट उघडलं.

तेवढ्यात अ‍ॅल्बीची मुलगी आली. ती स्वतःच साठीची होती. "चला बाबा. गोळ्यांची वेळ झाली, आणि झोपायचीही."

"अगं, ह्याची फेरी आहे!"

"एकाच्या वर डॉक्टरांनी सांगितलेलं नाही."

"ऐकलंस?" अ‍ॅल्बी शाल गोळा करत उठला. "प्राऊजचं नशीब बघ. फेरी आली की पब बंद. राहू दे पोरा. पुढच्या मेळाव्याला ये, तेव्हा पाज." दारापाशी जाऊन तो वळला आणि साऱ्या पबला ऐकू जाईल असं ओरडला, "मी जरा घोडा बघून येतो!"

रविवारी सकाळी त्यांनी व्हॅन जोडली. रेलीनने नवा नळ बसवला होता, त्यावर नवी पाटी, आणि पाटीच्या खाली कोणीतरी खडूने लिहिलं होतं: 'प्राऊजपासून लांब ठेवा.' खुर्च्या पुन्हा वळल्या होत्या. पण नेव्हिलने प्रेक्षकांची निराशा केली. मागे न घेता त्याने सगळ्या पार्काला लांब वळसा घातला, कपडे वाळत घातलेल्या दोऱ्यांमधून वाट काढत, आणि पुढच्या पुढे बाहेर पडला.

फेरी फेडायची तर पब बंद होता. अ‍ॅल्बीचं घर कोणतं हे त्याने विचारूनच घेतलं नव्हतं.

स्वान हिलच्या वाटेवर एका गावात दारूचं दुकान उघडं दिसलं. नेव्हिल थांबला आणि बिअरची एकच बाटली घेऊन आला, व्हॅनच्या फ्रिजच्या दारात उभी केली. दुपारी नदीकाठी थांबले तेव्हा ऊन मी म्हणत होतं. ग्लेनिसने फ्रिज उघडला.

"तिला हात लावू नकोस," नेव्हिल बाहेरून म्हणाला. "ती अ‍ॅल्बीची आहे."

"मेळाव्याला पाच वर्षं आहेत, नेव्ह. आणि अ‍ॅल्बी अठ्ठ्याऐंशीचा आहे."

"म्हणून तर थंड ठेवलीय."

ग्लेनिसने बाटलीकडे पाहिलं, तिच्या मागून लिंबाच्या सरबताची बाटली काढली आणि फ्रिजचं दार हळूच लावलं.